नीटचं बायोलॉजी घरी बसून: चार वाचनांनंतरही गुण का अडकतात

प्रश्न थोडक्यात असा: गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहणारी, मेडिकलच्या प्रवेशासाठी नीट देणारी बारावी सायन्सची विद्यार्थिनी. एनसीईआरटीची अकरावी आणि बारावीची बायोलॉजीची पुस्तकं चार वेळा वाचून झाली, तरी मॉक टेस्टमध्ये 360 पैकी 230 च्या पुढे गाडी सरकत नाही. पणजी-म्हापशाचे क्लास लांब पडतात, जाऊन-येऊन दिवस मोडतो. घरी बसून 330 पर्यंत जाता येईल का? की क्लास लावावाच लागेल?

बायोलॉजीपुरतं सांगायचं तर घरी बसून नक्की जाता येईल. पाचवं वाचन मात्र करू नकोस.

आधी हिशेब मांडू. बायोलॉजीचे 90 प्रश्न, बरोबर उत्तराला 4, चुकीला वजा 1. सगळे सोडवून 64 बरोबर आणि 26 चूक आले तर 256 वजा 26, म्हणजे 230. आणि 84 बरोबर, 6 चूक आले तर 336 वजा 6, म्हणजे 330. दोन्हींमध्ये फरक वीस प्रश्नांचा आहे. पूर्ण विषय तुला नव्याने शिकायचा नाही, वीस प्रश्न कुठून गळतात ते शोधायचं आहे. शिवाय दोन मुलांचे एकूण गुण सारखे झाले तर आधी बायोलॉजीचे गुण पाहिले जातात, म्हणून या विषयातला एकेक प्रश्न गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) यादीत दुहेरी कामाला येतो.

पहिली गळती अभ्यासाच्या आधीच होते, ती म्हणजे हातात चुकीचं पुस्तक असणं. सीनियरकडून मिळालेली पुस्तकं उघडून अनुक्रमणिका पाहा. अकरावीचे 22 आणि बारावीचे 16 चॅप्टर असतील तर ती जुनी आवृत्ती. नव्या आवृत्तीत 19 आणि 13 आहेत. ट्रान्सपोर्ट इन प्लँट्स, मिनरल न्यूट्रिशन, डायजेशन, रिप्रॉडक्शन इन ऑर्गॅनिझम्स, फूड प्रॉडक्शनचा चॅप्टर आणि एन्व्हायरन्मेंटल इश्यूज हे सहा चॅप्टर गेले, आणि 2024 पासून ते नीटच्या अभ्यासक्रमातही नाहीत. त्यामुळे 2023 पर्यंतच्या प्रश्नपत्रिका सोडवताना या चॅप्टरचे प्रश्न आधी पेन्सिलीने खोडून घे, नाहीतर उगाच वेळ जातो आणि गुण कमी दिसून धीर खचतो. 2021 ते 2024 च्या पेपरांत बायोलॉजीचे 100 प्रश्न छापलेले असायचे आणि त्यांतले 90 सोडवायचे असायचे. 2025 पासून तो पर्याय गेला.

म्हणून जुनं पुस्तक रद्दीत टाकायचं असंही नाही. नव्या आवृत्तीतून कापलेले काही भाग एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, नीट अभ्यासक्रमात अजून आहेत: मूळ, खोड आणि पान यांची मॉडिफिकेशन्स, वनस्पतींचे टिश्यू, अॅनिमल टिश्यू. हे जुन्या पुस्तकातूनच वाचावे लागतील. बेडूक नव्या पुस्तकात आहे, झुरळ नाही. अभ्यासक्रमाच्या यादीत मात्र 'इन्सेक्ट' आणि 'फ्रॉग' असे दोन्ही शब्द एकत्र छापले आहेत, म्हणून बेडूक पक्का कर आणि झुरळ जुन्या पुस्तकातून एकदा नीट वाचून ठेव. एनएमसीचा अभ्यासक्रम छापून घे, एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला पुस्तक ठेव, आणि एकेका ओळीसमोर पान क्रमांक लिही. दोन तासांचं काम आहे. ज्या ओळीसमोर पान सापडणार नाही, तिथे तुझे दोन-तीन प्रश्न दडले आहेत.

अशी सर्वांत मोठी रिकामी जागा म्हणजे फुलझाडांची पाच कुळं: माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपॉझिटी आणि ग्रॅमिनी. नव्या एनसीईआरटीत एकट्या सोलॅनेसीचं वर्णन आहे, आणि नेमकं ते कूळ या यादीत नाही. मुलं इथे इंटरनेटवरचा तयार तक्ता पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात. तुझ्या परसात आणि शेतात मात्र पाचही कुळं उभी आहेत. एक ब्लेड, एक साधं भिंग आणि दोन संध्याकाळी एवढं पुरे.

जास्वंदीपासून सुरुवात कर. कॅलिक्सच्या (फुलाच्या हिरव्या बाह्यदलांच्या) खाली हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक कडं दिसेल, ते एपिकॅलिक्स. मधली लांब दांडी ब्लेडने उभी चिर. पुंकेसरांची नळी बाहेर आणि तिच्या आतून जाणारी स्टाइल वेगळी निघेल. सगळे पुंकेसर एकाच गठ्ठ्यात जोडलेले, म्हणून मोनाडेल्फस. भिंगाखाली अँथर मूत्रपिंडाच्या आकाराचं दिसेल, एकच कप्पा असलेलं. मग स्वयंपाकघरातली भेंडी आडवी काप: पाच कप्पे, आणि बिया मधल्या अक्षाला चिकटलेल्या. ओव्हरीत बियांची अशी मांडणी म्हणजे अॅक्झाइल प्लॅसेंटेशन. साधी पाच शिरांची भेंडी घे, सात शिरांच्या गावठी भेंडीत कप्प्यांचा हिशेब वेगळा लागतो.

मुळ्याच्या वाफ्यात फुलावर आलेलं एखादं रोप राहिलंच असेल. चार पाकळ्या क्रॉससारख्या, सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब आणि दोन आखूड, हे टेट्राडायनॅमस. इथली फसवी जागा ओव्हरीत आहे: कप्पे दोन दिसतात, पण मधला पडदा फॉल्स सेप्टम आहे, म्हणून प्लॅसेंटेशन परायटल. अळसांद्याच्या (चवळीच्या) फुलात एक मोठी पाकळी, दोन बाजूच्या आणि दोन खाली जोडून नावेसारख्या झालेल्या. पुंकेसर नऊ अधिक एक, डायाडेल्फस. कोवळी शेंग उघडलीस की सगळ्या बिया एकाच कडेला ओळीने दिसतात, ते मार्जिनल. कंपॉझिटीसाठी झेंडू, पण बाजारातला गच्च पाकळ्यांचा नको, त्यात मधले डिस्क फ्लोरेट्स जवळपास उरलेलेच नसतात. साधा गावठी झेंडू किंवा सूर्यफूल घे. एक फूल म्हणून जे दिसतं तो कॅपिट्युलम, म्हणजे पूर्ण इन्फ्लोरेसेन्स. ओव्हरी इन्फीरियर, प्लॅसेंटेशन बेसल, अँथर एकमेकांना चिकटलेले म्हणजे सिनजेनेशियस. शेवटी भाताची लोंबी: स्पाइकलेट, लेमा, पॅलिया, आणि फळ कॅरिऑप्सिस. इथे जपून राहा. भाताच्या फुलात सहा पुंकेसर मोजशील, तर कुळाचं नेहमीचं लक्षण तीन पुंकेसरांचं आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि परीक्षेला लागणारं यांत असा फरक आला की वहीत दोन्ही शेजारी लिहायचं.

अॅनिमल किंग्डमला हीच युक्ती मासळी बाजारात चालते. मोरीच्या (लहान शार्कच्या) कल्ल्यांच्या फटी उघड्या दिसतात, बांगड्याच्या झाकणाखाली असतात. कॉन्ड्रिक्थिस (कूर्चेचे मासे) आणि ऑस्टिइक्थिस (हाडांचे मासे) यांतला हा फरक विकणारीला विचारून, हात लावून एकदा पाहिला की पुन्हा घोकावा लागत नाही. मोरीची कातडी खरखरीत, ते प्लॅकॉइड स्केल. माणकी (स्क्विड) आणि तिसऱ्या (शिंपल्या) मोलस्का, सुंगटं (कोळंबी) आणि कुर्ल्या (खेकडे) आर्थ्रोपोडा. काजूचा बोंडू फॉल्स फ्रूट, कारण त्यात थॅलॅमसचा (फुलाच्या बैठकीचा) भाग आहे. शहाळ्याचं पाणी फ्री-न्यूक्लियर एंडोस्पर्म आणि पांढरं खोबरं सेल्युलर एंडोस्पर्म. हे सगळं पुस्तकातल्या ओळींना धरूनच पाहायचं, पुस्तक बाजूला ठेवून नाही.

आता खरं दुखणं. चार वाचनं झाली तरी गुण वाढत नाहीत, कारण वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असा समज होतो. परीक्षेत चार पर्याय असतात, चारही ओळखीचे. पेपर काढणारा एनसीईआरटीची ओळ उचलतो आणि तिच्यातला एकच शब्द बदलतो. तो शब्द कोणता होता हे पुस्तक बंद असताना सांगता आलं पाहिजे. त्याचा सराव वाचून होत नाही, आठवून लिहिल्यानेच होतो.

एक उतारा घेऊन दाखवते: मलेरियाच्या परजीवीचं, प्लास्मोडियमचं जीवनचक्र. पुस्तकात तो अर्ध्या पानाचा आहे. एकदा वाच, पुस्तक बंद कर आणि कोऱ्या कागदावर लिही. डास चावला की माणसाच्या शरीरात कोणतं रूप शिरतं? स्पोरोझॉइट. आधी कुठे वाढतं? यकृताच्या पेशींत. मग? लाल पेशींत, आणि त्या फुटल्या की हिमोझॉइन बाहेर पडतं, थंडी वाजून ताप येतो, तो तीन-चार दिवसांनी परत येतो. गॅमेटोसाइट कुठे तयार होतात? माणसाच्या लाल पेशींत. फर्टिलायझेशन कुठे? डासाच्या आतड्यात. नवे स्पोरोझॉइट कुठे साठतात? डासाच्या लाळग्रंथींत. अर्ध्या पानातून सहा प्रश्न निघाले, आणि बहुतेकांची गफलत 'गॅमेटोसाइट कुठे' आणि 'फर्टिलायझेशन कुठे' या दोन जागांची अदलाबदल करण्यात होते. तू लिहिलेलं पुस्तकाशी ताडून पाहा आणि जे चुकलं किंवा सुटलं ते लाल पेनने भर. ती लाल अक्षरं हाच तुझा पुढचा अभ्यास, बाकीचं पान पुन्हा वाचायची गरज नाही.

रोजचं काम याच पद्धतीने बांध. एका बैठकीला आठ ते दहा पानं, त्याहून जास्त नको. पहिलं वाचन हातात काही न घेता. दुसऱ्या वाचनात समासात प्रश्न लिहायचे, उत्तरं नाहीत. हायलायटर बाजूला ठेव, पूर्ण पान पिवळं झालं की काहीच उठून दिसत नाही. मग पुस्तक बंद करून दहा मिनिटं लेखन, ताडून पाहणं, आणि त्याच दिवशी त्या भागावरचे 30-40 प्रश्न. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि साधारण दोन आठवड्यांनी समासातल्या प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायची. अडलं तिथेच पुस्तक उघडायचं. आकृत्या पाहून सोडू नकोस. नेफ्रॉन, हृदय, बीजांड आणि अँथरचा छेद या आकृत्या नावं झाकून पुन्हा काढ आणि नावं भर. आकृतीखालच्या बारीक अक्षरांतल्या ओळीवरही प्रश्न येतात.

क्रमाबद्दल. सेल, बायोमॉलिक्यूल्स, सेल डिव्हिजन, जेनेटिक्स, मॉलिक्युलर बेसिस, बायोटेक्नॉलॉजी ही एक साखळी आहे, तोडू नकोस. पेशी विभागण्याआधीच्या एस फेजमध्ये डीएनए दुप्पट होतो पण क्रोमोसोमची संख्या तीच राहते, हे सेल डिव्हिजनमध्ये पक्कं नसेल तर पुढे मेंडेल समजल्यासारखा वाटतो आणि गणितात अडकवतो. ह्यूमन फिजिऑलॉजी वेगळी, सलग करायची. उलट प्लँट किंग्डम आणि अॅनिमल किंग्डमच्या उदाहरणांना मागेपुढे धागा नाही, ती एका दमात पाठ केली की एका दमात जातात. रोज चार-पाच नावं, वर्षभर. इकॉलॉजी सोपी म्हणून मुलं शेवटी ठेवतात आणि मग ती राहूनच जाते. ती बोर्डाच्या आधीच संपव.

फिजिऑलॉजीत आधी यंत्रणा, मग आकडे. श्वसनाचे घे: टायडल व्हॉल्यूम 500 मिली, इन्स्पिरेटरी रिझर्व्ह 2500 ते 3000, एक्स्पिरेटरी रिझर्व्ह 1000 ते 1100, रेसिड्युअल 1100 ते 1200. हे चार आकडे पाठ असले की बाकीच्या कपॅसिटी पाठ करायच्या नाहीत, बेरजेने काढायच्या: एक्स्पिरेटरी रिझर्व्ह आणि रेसिड्युअल मिळून एफआरसी (फंक्शनल रेसिड्युअल कपॅसिटी), म्हणजे 2100 ते 2300. हृदयाचंही तसंच. डायस्टोलच्या शेवटी व्हेंट्रिकलमध्ये 120 मिली रक्त, सिस्टोलच्या शेवटी 50, आणि कार्डियाक आउटपुट मिनिटाला 5040 मिली असेल तर ठोके किती? स्ट्रोक व्हॉल्यूम 70, म्हणून 72. डीएनएची लांबीही हाताने एकदा काढ: 6.6 गुणिले दहाचा नववा घात बेस पेअर, प्रत्येकी 0.34 नॅनोमीटर, म्हणजे साधारण 2.2 मीटर. जेनेटिक्स तर वाचायचा विषयच नाही. तीन जीन्सच्या हेटेरोझायगसमधून गॅमेट 8 प्रकारचे, सेल्फ केल्यावर फीनोटाइप 8 आणि जीनोटाइप 27 का, हे कागदावर काढल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

वहीत एक भाग जुळ्या गोष्टींसाठी ठेव, दोन रकाने आखून. मायोसिसच्या प्रोफेज एकमध्ये झायगोटीनला सिनॅप्सिस, पॅकिटीनला क्रॉसिंग ओव्हर, डिप्लोटीनला कायझ्मा दिसतात, डायाकायनेसिसला टर्मिनलायझेशन. सी फोर वनस्पतीत पेपकेस हे एन्झाइम मेसोफिलमध्ये, रुबिस्को बंडल शीथमध्ये. नेफ्रॉनमधल्या हेन्लेच्या लूपच्या उतरत्या भागातून पाणी जातं, चढत्या भागातून जात नाही. तुझ्या स्वतःच्या जोड्या चुकांतून मिळतील, दुसऱ्याची यादी उतरवून घेऊ नकोस.

मॉक टेस्ट आठवड्याला एक पुरे, पण ती तपासायला टेस्टहून जास्त वेळ दे. प्रत्येक चुकीच्या उत्तरासमोर एक अक्षर लिही: माहीत नव्हतं, जोडीत गोंधळ झाला, प्रश्न नीट वाचला नाही, की अंदाज केला. तीन टेस्टनंतर कोणतं अक्षर जास्त आहे ते मोज. 'माहीत नव्हतं' जास्त असेल तर कोऱ्या कागदाचं काम कमी पडतंय. गोंधळ जास्त असेल तर दोन रकान्यांची वही. 'नीट वाचला नाही' असेल तर प्रश्नातल्या 'इनकरेक्ट', 'नॉट', 'एक्सेप्ट' या शब्दांभोवती गोल करायची सवय लाव, आणि स्टेटमेंटवाल्या प्रश्नात प्रत्येक विधानासमोर आधी खरं-खोटं लिहून मगच पर्यायांकडे जा. अंदाजाचा हिशेब साधा आहे: दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उत्तर द्यायचं, सरासरी दीड गुणाचा फायदा होतो. एकही बाद होत नसेल तर सरासरी पाव गुणच हाती येतो, त्या प्रश्नावर मिनिट घालवण्यात अर्थ नाही.

भाषेचा मुद्दा गोव्यात वेगळा आहे. नीटची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. गोव्यातल्या केंद्रांवर इंग्रजी किंवा हिंदी. प्राथमिक शाळा मराठीत झाली असेल तर समजून घेताना, मोठ्याने समजावून सांगताना खुशाल मराठी-कोंकणी वापर, पण संज्ञा मात्र पहिल्या दिवसापासून पुस्तकातल्याच, स्पेलिंगसकट. जोड्या लावण्याच्या प्रश्नात स्पेलिंगमधल्या एका अक्षराने उत्तर बदलतं.

वेळेचं: 180 मिनिटांत 180 प्रश्न. बायोलॉजी आधी आणि 45 ते 50 मिनिटांत, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीला 130 मिनिटं उरतात. ओएमआर (गोल काळे करायची उत्तरपत्रिका) शेवटी एकदम भरू नकोस, प्रश्नपत्रिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोल. घरच्या टेस्टलाही ओएमआर छापून, काळ्या बॉलपेननेच, दुपारी 2 ते 5 या वेळेत बस. जेवणानंतरची ती वेळ शरीराला सवयीची व्हायला हवी.

बोर्डाची परीक्षा संपल्यावर हाताशी साधारण दोन महिने राहतात. त्यांत नवीन पुस्तक, नवीन नोट्स काहीही नको. रोज दोन चॅप्टरचे समासातले प्रश्न, त्या चॅप्टरची लाल अक्षरं आणि दोन रकान्यांची वही. 32 चॅप्टर 16 दिवसांत एकदा फिरतात, म्हणजे तीन फेऱ्या आरामात होतात आणि टेस्टचे दिवस वेगळे उरतात.

क्लासचं विचारलंस. बायोलॉजीसाठी रोजचा प्रवास करू नकोस, ते दोन-तीन तास कोऱ्या कागदाला दे. एखादी टेस्ट सीरिज मात्र घे, घरी मागवता येते. एनसीईआरटीची पुस्तकं आणि मागच्या प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळांवर फुकट आहेत. पैसे आणि प्रवास खर्चायचेच असतील तर ते फिजिक्ससाठी खर्च. तिथे अडलेलं गणित समोर बसून कोणी सोडवून दाखवलं तर खरोखर फरक पडतो, आणि तेही आठवड्यातून एकदा, अडलेल्या प्रश्नांची यादी हातात घेऊनच जा.